पहिल्याच तासात ‘साधी’ लिहू नका

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या पोलीस ठाण्यांचे प्रभारी अधिकारी व ठाणे अंमलदार,
तसेच ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी यांस

स.न.वि.वि.

मी एका तालुका न्यायालयात १९ वर्षांपासून फौजदारी कामं चालवते. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं उभी असते. तुम्ही लिहिलेल्या फिर्यादीत आणि दुखापतीच्या दाखल्यात कुठं फट राहिली आहे ते शोधणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळं खाली जे लिहिते आहे ते तुमचेच कागद वाचून वाचून कळलेलं आहे. पण पत्र लिहायला बसले ते वडिलांच्या डाव्या हातामुळं.

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावरची गोष्ट. रविवार होता. भावकीतल्या एकानं ट्रॅक्टरनं रोटा मारताना सामाईक बांध कोरला. बापू विचारायला गेले. शब्दानं शब्द वाढला आणि समोरच्यानं खोऱ्याचा दांडा उगारला. बापूंनी डोकं वाचवायला हात आडवा धरला. दांडा कोपर आणि मनगटाच्या मधोमध बसला. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं, तर तिथं “आधी पोलिसांची यादी आणा” असं ऐकावं लागलं. ठाण्यात जाऊन यादी, म्हणजे जखमीला तपासण्यासाठीचं पोलिसांचं पत्र, आणली. एक्स-रे काढणारा रविवारी नव्हता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हात दाबून बघितला, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, क्रेप बँडेज गुंडाळलं आणि दाखल्यात लिहिलं: डाव्या हातावर सूज, ६ बाय ४ सेंमी, बोथट वस्तू, २४ तासांच्या आतील, दुखापत साधी. तो कागद घेऊन पुन्हा ठाण्यात. तिथं रात्री साडेदहाला एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली. कलम ११५(२), ३५२, ३५१(२), म्हणजे साधी दुखापत, अपमान आणि धमकी. हातात पावती आणि वर सल्ला, “कोर्टात दाद मागा.”

मी त्या रात्री फोनवर म्हणाले, “मुका मार असेल, सकाळी बघू.” इतकी वर्षं हेच कागद वाचणारी मी, आणि ‘साधी’ हा शब्द ऐकून मीसुद्धा निवांत झाले. ते मला आजही लागतं.

चौथ्या दिवशी मायचा फोन आला. “बाई, हात वर होईना गेलाय त्यांचा. सदऱ्यात हात मीच घालून देते.” मग जिल्ह्याला नेऊन एक्स-रे काढला. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलेलं होतं. वरून आलेला वार हातावर झेलला की हेच हाड मोडतं, हे डॉक्टरांना माहीत असतं. वैद्यकाच्या पुस्तकात या मोडीला पोलिसांच्या दंडुक्यावरूनच नाव पडलेलं आहे. म्हणजे वार कुठून आला आणि माणूस काय करत होता, हे ते हाड चार दिवस सांगत होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. लोकांच्या तोंडी मात्र अजून जुनेच आकडे आहेत. पारावर बसलेला माणूस “त्याच्यावर तीनशे तेवीस झाली”, “तीनशे सव्वीस लावली” असंच बोलतो. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं आणि १८६० ची दंड संहिता आपल्या भागात १९५१ मध्ये लागू झाली; तीन पिढ्यांत ते आकडे बोलण्यात मुरले. आता ३२३ चं (साधी दुखापत) ११५(२) झालं, ३२४ चं (धोकादायक हत्यारानं साधी) ११८(१), ३२५ चं (गंभीर) ११७(२) आणि ३२६ चं (धोकादायक हत्यारानं गंभीर) ११८(२). आकडे बदलले, मधली रेघ तीच राहिली. धोकादायक हत्यार नसेल तर रेघेच्या अलीकडं साधी दुखापत: जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. पलीकडं गंभीर दुखापत: सात वर्षांपर्यंत कैद, गुन्हा दखलपात्र. घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, दांड्याची जप्ती हे सगळं रेघ ओलांडल्यावर सुरू होतं. अलीकडं राहिलेल्या माणसाच्या खिशात फक्त पावती.

ही रेघ कुठं पडते हे संसदेनं कलम ११६ मध्ये लिहून ठेवलं आहे. प्रत्यक्षात ती पडते तुमच्या अपघात कक्षातल्या टेबलावर, रात्री, एका शब्दानं.

कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. पुरुषत्व जाणं, कुठल्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, कुठल्याही एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं, अवयव किंवा सांधा गमावणं, अवयवाची किंवा सांध्याची शक्ती नष्ट होणं वा कायमची कमी होणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, आणि आठवा, ज्यानं जिवाला धोका होतो, किंवा ज्यामुळं माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहतो किंवा त्याला आपली नेहमीची कामं करता येत नाहीत. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते, नव्यात पंधरा केले.

आता सांगा, मार बसल्यावर पहिल्या तासात यातलं काय कळतं? तुटलेलं बोट दिसतं. पडलेला दात दिसतो. डोळ्याची दृष्टी कायमची गेली की सूज उतरल्यावर परत येईल, हे कळायला आठवडे लागतात. कान महिन्यांनी कळतो. सांधा तर प्लॅस्टर काढल्यावरच. आणि पंधरा दिवस कळायला पंधरा दिवसच लागतात, त्याला दुसरा उपायच नाही. तरी दाखल्याच्या शेवटच्या रकान्यात पहिल्या तासात ‘साधी’ लिहिलं जातं, सहीशिक्क्यानिशी. डॉक्टर, तुम्ही खोटं लिहीत नाही. तुम्हाला त्या घडीला दिसतं ते लिहिता. पण तो शब्द पुढं कुणीच ‘त्या घडीपुरता’ म्हणून वाचत नाही. ठाण्यात तो कायमचा म्हणून वाचला जातो, कोर्टात तर आम्ही वकील तो मोठ्यानं वाचतो.

म्हणून माझी मुख्य मागणी ही आहे. सूज असेल, ठरावीक जागी दाबल्यावर माणूस कळवळत असेल आणि एक्स-रे झालेला नसेल, तर त्या रकान्यात ‘मत राखून ठेवले, एक्स-रे अहवालानंतर’ असं लिहा. एवढ्या पाच शब्दांची कायद्याला कसलीही अडचण नाही. आणि ठाणे अंमलदार, मत राखून ठेवलेला दाखला समोर आला तर एनसीवर प्रकरण मिटवू नका. स्टेशन डायरीला नोंद घ्या, एक्स-रेची यादी देऊन जखमीला पुढं पाठवा, आणि मोड निघाल्याचा कागद ज्या दिवशी येईल त्याच दिवशी गुन्हा नोंदवा. त्यासाठी जखमीच्या लेकीनं वकील असण्याची गरज पडू नये. माझ्या बापूंचा गुन्हा एक्स-रे जोडून पोलीस अधीक्षकांकडं अर्ज केल्यावर तेविसाव्या दिवशी नोंदला गेला. ज्याची लेक कोर्टात बसत नाही, त्याचं काय होतं हे मी रोज बघते. पावती ट्रंकेत राहते. एक वर्षानंतर तिचा उपयोगही संपतो, कारण एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ५१४ नं एकच वर्षाची मुदत आहे. एनसी देताना हे कुणी सांगत नाही. पावतीवर छापलेलंही नसतं.

तुमची अडचण मला दिसत नाही असं समजू नका. सक्तीच्या सरकारी सेवेच्या बॉण्डवर आलेला पंचविशीतला डॉक्टर रात्रपाळीला एकटा असतो. एका खाटेवर साप चावलेला, दुसऱ्या खोलीत बाळंतीण, आणि दारात मारामारीतल्या दोन्ही बाजूंची पन्नास माणसं. कुणाचा तरी फोन येतो, “जरा बघा, आपला माणूस आहे.” एक बाजू म्हणते गंभीर लिहा, दुसरी म्हणते काही लिहूच नका. अशा वेळी ‘साधी’ लिहून दोन्ही बाजूंना वाटेला लावावं असं वाटणं मी समजू शकते. पण राखून ठेवलेलं मत हीच तुमचीही ढाल आहे. कुणी दाब टाकला तर तुम्ही खरंच म्हणू शकता, “एक्स-रेशिवाय मला सांगता येत नाही.” यावर कुठला पुढारी काय बोलणार?

“यादी आणा” हे मात्र बंद झालं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे की जखमीवर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. आणि हे सरकारी, खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. जखमी थेट आला तर त्याला तपासायचं, एमएलसी रजिस्टरला, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या रुग्णांच्या नोंदवहीत, नोंद घ्यायची आणि ठाण्याला कळवायचं. डोक्याला मार लागलेला माणूस यादीसाठी ठाण्यात हिंडतो, चांगला बोलतो, चहाही पितो, आणि दोन-चार तासांनी झोपल्यासारखा होऊन जातो. कवटीच्या आत रक्त साकळत असतं. असा माणूस यादीच्या रांगेत नसावा. तो अंबाजोगाईला, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला, नांदेडला, जिथं सीटी स्कॅन होईल तिकडं निघालेला असावा.

आता मी उलटतपासणीत काय विचारते ते सांगते, म्हणजे तुम्हाला आधीच सावध होता येईल.

मी पहिल्यांदा हत्यार बघते. फिर्यादीत लिहिलेलं असतं काठी. दाखल्यात लिहिलेलं असतं धारदार. एवढं मिळालं की माझं अर्धं काम झालं. पण डॉक्टर, हे बऱ्याचदा तुमच्या घाईचं फळ असतं. डोक्याची कातडी खालच्या हाडावर ताणून बसलेली असते. तिथं काठीनं मारलं तरी ती विळ्यानं कापल्यासारखी सरळ फाटते. नीट बघितलं तर कडा चेचलेल्या असतात, तळाशी तंतू अडकलेले असतात, केस तुटण्याऐवजी चिरडलेले असतात. भिंग घेऊन एक मिनिट बघायचं असतं. ते न बघता ‘धारदार’ लिहिलं की खरी फिर्याद खोटी ठरते. अशा विसंगतीवर आरोपी सुटतात, मीच सोडवलेले आहेत.

कुऱ्हाडीचंही तसंच. आपल्याकडं भांडणात कुऱ्हाड निघाली तरी पुष्कळदा वार तुंब्यानं, म्हणजे पात्यामागच्या बोथट बाजूनं, केलेला असतो. फिर्याद लिहिणारा हवालदार सवयीनं ‘कुऱ्हाडीने वार करून’ लिहितो. जखम मात्र बोथट असते. जखमीला एकच प्रश्न विचारायचा: पातं लागलं का तुंबा? त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं.

आणि काठी म्हणजे साधंच हत्यार, हा समज काढून टाका. कलम ११८ मध्ये गोळी मारायची, भोसकायची, कापायची हत्यारं आहेतच, पण हत्यार म्हणून वापरली तर जीव जाऊ शकेल अशी कुठलीही वस्तू त्यात बसते. मथाई विरुद्ध केरळ राज्य या २००५ च्या निकालात प्रश्न दगडाचा होता, आणि न्यायालयानं सांगितलं की अमुक वस्तू धोकादायक आहे का, हे तिच्या नावावरून ठरत नाही. तिचा आकार, धार, ती कशी वापरली, हे त्या त्या प्रकरणात बघावं लागतं. उलट २००४ मध्ये शकील अहमद प्रकरणात माणसाचे दात हे धोकादायक हत्यार नाही असंही ठरलं. म्हणजे बघितल्याशिवाय दोन्हीकडून सांगता येत नाही. डोक्यात घातलेला बाभळीचा दांडा हाड मोडू शकला नाही, तरी कलम ११८(१) लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. तिथं एनसी देणंच चूक. पण हे ठरवायचं तर दांडा हातात हवा: किती लांब, किती जाड, वजन किती. तेवीस दिवसांनी तो कुठून मिळणार? खोऱ्याला नवा दांडा बसलेला असतो आणि जुना चुलीत गेलेला असतो. बापूंच्या प्रकरणात तेच झालं.

मग मी एक्स-रे मागते. दाखल्यात ‘मोड’ लिहिलेली असते आणि फिल्म फाईलमध्ये नसते. किंवा असते, पण तिच्यावर नाव नाही, तारीख नाही, डावा-उजवा नाही. ती कुणाचीही असू शकते, असं मी म्हणते आणि न्यायालयाला ते मान्य करावं लागतं. आता डिजिटल एक्स-रे आले. मोबाईलवर फोटो पाठवतात, कागदावर प्रिंट मारतात. त्याच्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र नसेल तर तो पुरावा लटकतो. तपासी अंमलदारांनी हे दोषारोपपत्राच्या वेळी मागावं. साक्षीच्या दिवशी मागून उपयोग नाही, तोवर रुग्णालयाचा संगणक बदललेला असतो आणि डॉक्टरांची बदली झालेली असते.

पंधरा दिवसांच्या कलमावर तर फार कमी खटले टिकतात. नुसतं “पंधरा दिवस दवाखान्यात होतो” म्हटल्यानं भागत नाही. तीव्र वेदना होती किंवा नेहमीचं काम होत नव्हतं, हे दाखवावं लागतं. आणि नेहमीचं काम काय होतं हेच कुठं लिहिलेलं नसतं. दाखल्यात वय असतं, पत्ता असतो, ओळखीच्या खुणा असतात, धंदा नसतो. कापूस वेचणाऱ्या बाईच्या उजव्या अंगठ्याला मार लागला तर तिचा हंगाम जातो. ऊसतोड्याचं मनगट लचकलं तर कोयता धरता येत नाही, मुकादमाची उचल अंगावर बसते. ह्यांचा अंगठा आणि मनगट कारकुनाच्या अंगठ्या-मनगटाच्या मापानं मोजू नका. ‘काय काम करता?’ एवढं विचारून दाखल्यात लिहा, आणि पंधराव्या दिवशी पुन्हा तपासायला बोलवा. बोलावल्याची तारीख कागदावर घाला.

दातांबद्दल थोडक्यात. भांडणात पडलेला दात लोक मातीत टाकून येतात. तो गंभीर दुखापतीचा पुरावा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पोलीस पाटलांनी तरी हे गावात सांगावं. आधीच किडून हलणारा दात होता की धडधाकट, हे दंतवैद्याकडून लिहून घ्यावं, नाहीतर तो प्रश्न मी विचारणारच आहे.

कानाचं थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण ती बायकांची दुखापत आहे. नवऱ्यानं कानाखाली मारली, कानात दडा बसला, पाणी यायला लागलं. ती चार दिवस बोलत नाही. मग रुग्णालयात येते तेव्हा म्हणते, “पडले.” ठाण्यात आली तर “घरचा मामला हाय, समजून घ्या” असं ऐकते. पडदा फाटला असेल तर तो बहुतेकदा भरून येतो, पण ऐकणं कायमचं कमी झालं का, हे नंतर श्रवणचाचणी करूनच कळतं, आणि ती चाचणी तालुक्याला होत नाही. म्हणून ती कधीच होत नाही. मी असे कागद बघितले आहेत ज्यात एकाच बाईच्या तीन वर्षांत चार एनसी आहेत, चारही वेळा ‘कानाजवळ मार, साधी’. एकदाही कुणी कान तपासला नव्हता. मागच्या तीन एनसी समोर असताना चौथी एनसी देणाऱ्या अंमलदाराला मला हात जोडून विचारायचं आहे, कलम ८५, नवऱ्याकडचा छळ, हे आठवायला आणखी किती पावत्या लागतात?

ठाणे अंमलदारांसाठी कायद्यातल्या दोन-तीन गोष्टी, ज्या तुम्हाला माहीत आहेत पण कामाच्या रेट्यात मागं पडतात. एकाच घटनेत एक जरी दखलपात्र गुन्हा असला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) प्रमाणं सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करणं बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी निकालानं २०१३ मध्येच स्पष्ट केलं. त्याच संहितेत कलम १७३(३) नं १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय दिली, पण ती तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना, आणि तीही उपअधीक्षकांच्या परवानगीनं. हाड मोडण्याच्या ११७(२) ला शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, म्हणजे ती सोय तिथं नाहीच. “आधी चौकशी करतो, मग बघू” हे हाड मोडलेल्याला सांगता येत नाही. आणि गुन्हा नोंदवला म्हणजे लगेच अटक करावी लागते असंही नाही. ११७(२) जामीनपात्र आहे. नोंद झाली की निदान तपास सुरू होतो, हत्यार मिळतं, आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं तुमच्यावर येतं. एनसीच्या नोंदीसुद्धा दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडं पाठवायच्या आहेत. त्या खरोखर जाऊ लागल्या तर कुठल्या ठाण्यात सुजलेले हात एनसीत बुडतात हे वरच्यांना आपोआप दिसेल.

दुसऱ्या टोकाची चूकही होते, तीही सांगते. गावातला वजनदार माणूस खरचटला तर त्याच ठाण्यात कलम १०९, जिवे मारण्याचा प्रयत्न, लावलं जातं. घरातल्या सगळ्यांची नावं घातली जातात, पुण्याला नोकरीला असलेल्या पुतण्याचंही. ‘संगनमत करून, जिवे मारण्याच्या उद्देशाने, लाथाबुक्क्यांनी’ ही वाक्यं तर छापील असल्यासारखी प्रत्येक फिर्यादीत येतात. त्यांनी फिर्याद जड होत नाही, हलकी होते. साक्षीदार कोर्टात म्हणतो, “लाथा मारल्या नाहीत, दांडाच मारला,” आणि मी लगेच विचारते, मग फिर्यादीतलं वाक्य कुणाचं? माणूस जसं सांगतो तसं लिहा. त्याची मोडकीतोडकी भाषा माझ्या उलटतपासणीत जास्त टिकते, हे मी अनुभवानं सांगते.

बापूंच्या बाबतीत आणखी एक झालं. दुसऱ्या दिवशी समोरचाही कोपराला खरचटलेलं घेऊन ठाण्यात गेला आणि बापूंवरही एनसी झाली. मग दोघांवर चॅप्टर, म्हणजे पुन्हा भांडण होऊ नये म्हणून केलेली प्रतिबंधक कारवाई. वय ६७, हात गळ्यात अडकवलेला, आणि तहसीलदारांसमोर चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून द्यायला उभे. न्याय संहितेच्या कलम ३४ आणि ३५ नं स्वतःचं शरीर वाचवायचा हक्क प्रत्येकाला दिलेला आहे. ज्याच्या दोन्ही हातांपैकी फक्त आडवा धरलेला हात मोडला, तो मारायला गेला होता की वाचवायला, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून एकदा वाचलं असतं तर कळलं असतं. दोन्हीकडच्या तक्रारी घ्या, घ्यायलाच हव्यात. पण दोन्ही एकाच अधिकाऱ्यानं तपासाव्यात, आणि आधी कुणी मारलं हे शोधावं. दोघांना सारखं मापून मोकळं होणं म्हणजे तटस्थपणा नव्हे.

गावातल्या तडजोडीला माझा विरोध नाही. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेत कितीतरी भांडणं खरोखर मिटली. साध्या दुखापतीचा गुन्हा जखमीला स्वतः मिटवता येतो, ११७(२) चा न्यायालयाच्या परवानगीनं. पण हाड मोडलं आहे की नाही हे कळायच्या आत चावडीवर अंगठा घेणं ही तडजोड होत नाही. बापूंकडंही माणसं आली होती, दुसऱ्याच दिवशी, नारळ घेऊन.

आज बापूंच्या हातात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. दोषारोपपत्र गेलं आहे, साक्षी व्हायच्या आहेत. पहिल्या दाखल्यातला ‘साधी’ हा शब्द समोरच्या वकिलांकडं आहे. चार दिवसांत हे पडले असतील, गोठ्यात घसरले असतील, असं ते विचारणार, मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. हाड जुळलं, पण हात पुरता फिरत नाही. कासरा धरता येतो, बादली उचलता येते. एकादशीला देवळात पुजारी तीर्थ द्यायला येतात तेव्हा आपण उजवा हात पुढं करतो आणि डावा त्याच्याखाली उताणा धरतो. बापूंचा डावा अर्ध्यात अडतो, अंगठा आभाळाकडं राहतो. ते हात बदलून बघतात, मग उपरण्याखाली घेतात.

कलम ११६ मधला पाचवा प्रकार हाच आहे, अवयवाची किंवा सांध्याची शक्ती कायमची कमी होणं. हा हात किती अंश फिरतो, हे अजून एकाही सरकारी कागदावर आलेलं नाही. मी तपासी अंमलदारांकडं पुनर्तपासणीच्या यादीसाठी दोनदा लेखी अर्ज दिला आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या ठाण्यात आणि रुग्णालयात असा एखादा अर्ज पडून असेल. तो या आठवड्यात काढा, जखमीला बोलवा आणि हात मोजा.

आपली,
एका तालुका वकील संघाची सदस्य